वाम किती किलोची

सरकारी घाटाच्या खालच्या चार पायऱ्या आमच्या.
रविवारी उजाडायच्या आत गळ पाण्यात,
आणि गळाच्या आधी तोंडं सुरू.

कणकेत हिंग घालायचा की नाही, यावर
दिलावर नदाफ आणि तोडकर मास्तर
अकरा वर्षं भांडले.
एकूण हिंग लागला असेल चाळीस रुपयांचा.
शिंगाळा रात्री लागतो का पहाटे,
आयर्विनच्या खांबाशी पाणी खरंच खोल आहे
का अख्ख्या सांगलीत तसं म्हणायची रीत आहे,
आणि बाबूरावची वाम.

वाम पहिल्या रविवारी दीड किलोची होती.
दिवाळीपर्यंत तीन किलोची झाली.
संक्रांतीला तिनं दोरी तोडता तोडता
बाबूरावला दोन पायऱ्या खाली ओढला.
कुणी खोटं म्हणालं नाही.
म्हणजे सगळेच म्हणाले,
पण तिला वाढवायला सगळ्यांनी हात लावला.
शेपटीजवळची जखम माझी. मी जोडलेली.

मग मास्तरांनी वही आणली.
दोनशे पानी, वर प्लास्टिकचं कव्हर.
तारीख, वार, पाण्याचा रंग, आमिष, वजन.
वजन काट्यावरचं, ग्रॅमसकट.
आम्ही हसलो. पुढच्या रविवारी दिलावरनं आणली.
वैशाखात सात जणांच्या सात वह्या.

लिहिलं चांगलंच सगळ्यांनी, ते कबूल करतो.
दिलावरची गांडुळांवरची अकरा पानं
मी घरी नेऊन दोनदा वाचली.
पायरीवर तो एवढं कधी बोलला नव्हता.
मीच बोलू दिलं नव्हतं.

पण आता काही विचारावं
तर उत्तर यायचं, "लिहिलंय की. घरी ये, वाच."
हिंगाचं? मास्तर म्हणायचे, "पान तेवीस."
अकरा वर्षांचं भांडण तेविसाव्या पानावर जाऊन बसलं,
तिथं त्याला उलटून बोलणारं कुणी नाही.
बाबूरावनं वामही वहीत उतरवली.
पेन हातात आल्यावर धाडस गेलं त्याचं:
एक किलो चारशे पन्नास.
त्या दिवसापासून ती वाढायची थांबली.

पूर आला, ओसरला.
पायऱ्यांवरचा गाळ आम्हीच काढला, तोही गप्प.
चहावाल्या पोरानं विचारलं,
"कोण गेलं का काय?"

नेमगोंडा चौगुल्याचं सांगायचं राहिलंच.
तो गळ टाकायचा नाही. जैनाचं पोर,
घरी सांगायचा, फिरायला जातो.
नऊ वर्षं वरच्या पायरीवर बसून
आमचं भडंग खायचा आणि ऐकायचा.
त्या रविवारी उठला, चप्पल घातली.
"आता काय ऐकायला यायचं?" म्हणाला,
आणि पिशवीतनं एक वही काढून माझ्या मांडीवर टाकली.
आठवी. किराण्याच्या उधारीची, चुरगाळलेली.

तिच्यात मासा एकही नव्हता.
होतो ते आम्ही.
"मास्तर: हिंगानं मासा येत नाही, मांजर येतं.
दिलावर: मग मांजर धरा."
"वाम. भाऊबीज, तीन किलो. संक्रांत, पाच.
होळी, साडेसहा (बाबूराव), सात (बाकीचे).
जखम उजवीकडं. मागच्या खेपेला डावीकडं होती."

वैशाखापासून पुढं कोरी पानं.
प्रत्येकावर नुसती तारीख,
आणि पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं ते.

मास्तरांनी चष्मा पुसला.
"हे चूक आहे. मी मुंगूस म्हणालो होतो."
"मांजरच," दिलावर म्हणाला.
"तू गप्प बस, पान तेवीस..."
"तेवीस पानावर काय आहे ते माहीत आहे मला,
तिथं मांजराचं नावच काढलं नाही तुम्ही!"

नेमगोंडानं चप्पल काढली.
पेनाचं टोपण दातात धरलं.
कुणाचा तरी गळ ओढत होता,
बघितलं नाही कुणी.
बाबूराव खाकरला.
"आणि ती वाम," म्हणाला,
"काट्यावर ठेवली तेव्हा
शेपूट बाहेर लोंबत होतं,
हे मी कुठं लिहिलंय?"