बोलणाऱ्यांची नावे

बाई ऑफिसात गेल्या की खडू माझ्या हातात.
फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर रेघ मारून:
'बोलणाऱ्यांची नावे'.
पहिलं नाव मी मान न वळवताच लिहायचे,
सन्मती मगदूम.
मग गुणिले दोन. गुणिले पाच.
एकदा गुणिले एकवीस झालं आणि कोपरा संपला.

बोलायचा म्हणजे काय,
पट्टीनं हवेत खड्डा खणायचा.
"हरिपुरात आमच्या घरामागं पेव हाय, हळदीचं.
उघडलं की आधी कंदील सोडत्यात दोरीनं.
विझला, तर माणूस उतरत न्हाई.
काल सोडला. विझला.
वर वढला,
तर पेटल्याला."
"मग?" मागच्या बाकावरून सायरा.
"मग काय? कुणी पेटवला, सांग की."

आणि नेमकी तेव्हाच व्हरांड्यात बाईंची चप्पल.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर कंदील नव्हताच, बॅटरी होती.
तिसऱ्या दिवशी आत एक मास्तर निघाले,
मोठ्या पुरापासून हळकुंडं मोजत बसलेले.
नव्व्याण्णवला शिंक येते, की पुन्हा एकपासून.
मी म्हटलं, खोटारडा.
"बरं, मग तू मोज."
त्याची बोटं मात्र खरंच पिवळी होती,
नखांच्या आतपर्यंत.

चौगुले बाई म्हणायच्या,
हा मुलगा उत्तर सोडून सगळं लिहितो.

मग त्याला कांजिण्या आल्या.
सोमवार, मंगळवार, बुधवार
वर्गात नुसती पंख्याची कुरकुर.
कोपऱ्यातली रेघ, रेघेखाली काही नाही.
गुरुवारी सायरानं विचारलं,
"मॉनिटर, कुणी पेटवला गं?"
मला काय माहीत, म्हणाले.
आणि पुढचं कसं आलं ते खरंच माहीत नाही.
"आत एक मुलगी होती.
तिच्याकडं काडेपेटी नव्हती, खडू होता.
म्हणून तिनं भिंतीवर ज्योत काढली
आणि कंदील तिला टेकवला..."

बत्तीस डोकी माझ्याकडं.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
चप्पल कधी वाजली, मला ऐकूच आली नाही.

बाईंनी फळा बघितला.
"आज कुणीच नाही बोललं?"

मी लिहिलं, शिवलीला कोरे.
पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, सगळं जागच्या जागी.
गुणिले किती, ते मोजायला लागले,
तेवढ्यात खडूची पूड नाकात गेली
आणि मला शिंक आली.