दुसरा मेरू

हा पुराणातला मेरू नव्हे.
टांझानियातला. पूर्वेची बाजू
कधीकाळी ढासळून गेलेली,
तोंड उघडंच राहिल्यासारखा.
खाली केळी, कॉफी, आणि एक नदी
जिला लोक चहाचं पाणी म्हणतात.

एलिरेहेमा काया तिच्या काठी पाणी तपासतो.
काया म्हणजे आमच्यात देह, मी त्याला सांगितलं.
तो हसला, ओठ न उघडता.

फ्लोरिनबद्दल तो बोलतो
भावकीतल्या भांडखोर माणसाबद्दल बोलावं तसं:
बाहेरच्या पंगतीत सात जण,
आठवं पान रिकामं, आणि ते त्याला बघवत नाही.
ज्याच्या-त्याच्याकडून ओढून आणतो.
काच खातो. पाण्यालाही पेटवतो.
म्हणून मोकळा असा
जवळजवळ कुठेच भेटत नाही.

डोंगर आतून शिजत होता तेव्हा
बाकीचे लवकर खडक होऊन बसले;
हा शेवटपर्यंत रसात राहिला,
मग राखेत, मग राखेतून झऱ्यात.
वाटेत पुरेसं कॅल्शियम भेटतं
तर तिथेच जांभळा खडा होऊन थांबला असता.
पण या राखेत सोडियम फार,
आणि सोडियम कुणाला धरून ठेवत नाही.
तसाच उतरत आला, कॅल्शियम शोधत,
आणि ते त्याला सापडलं
हिरडीखाली, अजून न उगवलेल्या दातांत.

दारेस्सलामच्या स्टँडवर
कंडक्टरने गाव न विचारताच तिकीट फाडलं होतं.
एवढंच सांगून तो गप्प.

आता बैलांची हाडं जाळून
काळा चुरा बादलीत भरतो.
त्यातून पाणी, थेंब थेंब.
मेलेलं हाड आधी पुढे करायचं, म्हणतो,
म्हणजे जिवंत हाड वाचतं.
तरी बायको मका-घेवड्यात चिमूटभर मगादी टाकतेच,
तळ्याकाठचा पांढरा खार,
त्याशिवाय दाणे मऊ होत नाहीत,
आणि त्यातही हाच बसलेला.

काल संध्याकाळी वीज नव्हती.
नाएलीचा पुढचा दात आलाय, पक्का.
त्याने बॅटरी धरली, आ कर म्हणाला.
बराच वेळ बघत राहिला.
पांढरा आहे, मी म्हटलं.
त्याने वहीत आधी पाण्याचा आकडा लिहिला,
दोन पूर्णांक तीन,
मग त्याखाली, दुसऱ्या शाईने:
कडेला खडूसारखा पुसट डाग.

वही मिटली तरी नाएली
तोंड उघडं ठेवून उभी होती.