तिसरा रकाना

शाबा गावसांचा टिपर
पिसुर्ल्याच्या अंगणात,
टायर बसलेले, हौद्यात दुधीचा वेल.
खाण थांबली तेव्हापासून
चावी देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

मी सबसिडीचे फॉर्म घेऊन गेलो,
म्हटलं, हरित विकास.
शाबा हसला,
"हिरवंच होतं हो.
तांबडं आम्हीच वाहिलं, खेपेला इतके, असं करत."

सून शेवंती मात्र फॉर्म भरून मोकळी.
आता खंदकातलं निवलेलं पाणी
सौरपंपाने चढवते वायंगणाच्या शेतात.
चिखलाला यंदा चिखलाचा रंग.

तिच्या वहीत मी बघितलं:
आले, गेले,
आणि तिसरा रकाना, हाताने आखलेला,
मथळा नसलेला.
त्यात एकच ओळ, सोमवारची:
विहिरीचं पाणी भरलं. कळशीचा तळ दिसला.

माझ्या फॉर्ममध्ये
ती ओळ कुठे बसेना.