पहिला उकार

बोरू मंडळात दरसाल पाचच जण घ्यायचे.
नववी-दहावीतले, आणि एखादा आठवीतला आगाऊ.
खूण म्हणजे पितळेचा बोटभर बोरू,
इतवारीतून घडवून आणलेला,
मागची पिन अशी बोथट
की युनिफॉर्मला भोक पडायचं, बोरू टिकायचा नाही.
तरी आम्ही त्याच्यासाठी जीव टाकायचो.

आमचं वर्तमानपत्र जिन्याखाली.
आठ बाय चारचा फळा, जाळीचं दार, कुलूप,
आणि कार्डशीटवर स्केचपेननं लिहिलेली पाचपावली:
फाटकात अडकलेला लग्नाचा बँड,
कबड्डीतला 'निसटता पराभव', म्हणजे बावीस गुणांनी,
कुणाच्या तरी मामाचं हरवलेलं स्वेटर.

डिसेंबरात अधिवेशन आलं
की शहर दोन आठवडे बातमी व्हायचं.
कठडे, मोर्चे, बाहेरगावचे कॅमेरे.
मग सगळं उठून जायचं
आणि उरायचं नुसतं नागपूर,
थंडी,
आणि आम्ही.

त्या रिकाम्या आठवड्यात मी लिहिलं: 'टाकीत अळ्या'.
गच्चीवर चढून, झाकण सरकवून पाहिल्या होत्या.
अळ्या खऱ्या होत्या.
खालची ओळ अशी:
'शिपाई श्री. सुखदेव लाडेकर टाकी धुवत नाहीत.'
ही ओळ मी कुणालाच विचारली नव्हती.
काकांना विचारलं होतं फक्त नाव.
काका, सुखदेवमधला उकार पहिला की दुसरा?
पहिला, म्हणाले ते, आणि हसले.
त्यांना वाटलं, सत्कारासाठी विचारते आहे.

फळ्याची किल्ली त्यांच्याकडेच.
टाचण्याही त्यांनीच दिल्या,
तळहातावरून एकेक.
मग चष्मा पुसून वाचलं.
मग घंटा द्यायला गेले.
घंटा वेळेवर झाली.

चार दिवसांनी कुंभलकर बाईंनी ऑफिसातली फाइल
टेबलावर उघडी ठेवली आणि चहाला गेल्या.
तीन अर्ज. ब्लीचिंग पावडर, लांब ब्रश, मोटरची दुरुस्ती.
तिन्हींवर शेरा, 'पाहू'.
तिन्ही शेऱ्यांत नाव 'सूखदेव'.

देवपुजारी बाई म्हणाल्या,
त्याच जागी लाव, तेवढ्याच उंचीच्या अक्षरात.
आधी खरं लिही. माफी खाली.
मुख्याध्यापक म्हणाले,
शिपायाचं तेवढं दुरुस्त करा, शेऱ्यांचं राहू द्या.
आणि जाळीला दुसरं कुलूप आलं,
मोठं, नवं, तेलाचा वास येणारं.

सकाळी पावणेसातला जिन्याखाली अंधार होता.
काका मफलर गुंडाळून उभे.
नव्या कुलपाची किल्लीही शेवटी
ठेवायला त्यांच्याचकडे दिलेली.
दार उघडून बाजूला झाले.
लाव वं पोरी, म्हणाले.
माह्या नावातला उकार पाहून घेजो.

दुपारपर्यंत ते कार्डशीट काढलं गेलं.
तोवर दोन तुकड्यांची मधली सुट्टी होऊन गेली होती.
टाकी मार्चमध्ये धुतली.

मंडळाची एक जाड वही होती.
आत घेताना त्यात लिहायचं आपल्या हातानं,
गाजलेला मथळा नव्हे,
आपली चुकलेली ओळ.
माझ्या आधीच्या पानावर कुणी पराते,
त्यानं एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली होती.
मी माझी ओळ लिहिली. शाई फुटली.
बाईंनी बोरू लावला,
आणि राष्ट्रगीत संपायच्या आत तो खाली पडला.
वाकता येईना.
सगळ्यांनी ऐकला.

आता रात्रपाळीत फोन करते,
सावनेर, उमरेड, काटोल,
झोपेतून उठलेल्या माणसांना.
नाव विचारते. उकार विचारते. वेलांटी विचारते.
पलीकडून आवाज येतो, झालं का?
नाही, म्हणते मी,
अजून एक विचारायचं राहिलं.