समुद्र पाठीशी

कंडक्टरच्या सीटचं तोंड गाडीच्या आत असायचं.
एकतीस वर्षं मी माणसं पाहिली,
त्यांचे ओले खांदे, उसवलेले खिसे, पेंगणारी पोरं,
आणि समुद्र सबंध वेळ माझ्या पाठीशी होता.
पाठीशी म्हणजे नुसताच मागे.
आधार-बिधार काही नाही.

तशी ती नदीच आहे म्हणतात,
दुधाच्या चहाच्या रंगाची, पलीकडचा काठ न दाखवणारी.
माँतेव्हिदेओत यावरून जेवणं थंड होतात.
ओठ खारट झाले की मी समुद्र म्हणते. विषय संपला.

अडुसष्टाव्या वर्षी डॉक्टर सोसानं,
माझ्या धाकट्याहूनही लहान पोरगं ते,
कागदावर रक्तदाबाचा आकडा लिहिला
आणि त्याभोवती दोनदा गोल काढला.
"चालत जा, सेन्योरा निबिया. जमलं तर थोडं पळा."
थोडं म्हणजे किती?
"एका दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत."
मला दिवे कळत नाहीत. थांबे कळतात.

पहिल्या दिवशी एक थांबासुद्धा झाला नाही.
रामिरेसच्या वाळूपाशी बाकावर कोसळले.
शेजारी एक म्हातारा, थर्मास बगलेत;
त्यानं काही न विचारता मातेचा भोपळा पुढे केला.
कडू होतं. प्यायले. घरी आले.
एलिदाला सांगितलं नाही.
माझ्या बहिणीची डावी बाजू तीन वर्षांपूर्वी गेली,
पण डोळे जागच्या जागी आहेत.
"बूट कुणाचे?"
नातवाचे. दोन मोजे घातले की बसतात.

श्वासाचं आधी गणितच सुटेना.
मी मोठ्या नोटा काढत होते, एकदम,
शंभर पावलांत कफल्लक.
मग जुनी सवय कामाला आली:
सुटे पैसे हाताशी ठेवावेत.
दोन पावलांना एक नाणं. उधळायचं नाही.
आणि गुडघा, तो सकाळचा पहिला प्रवासी,
तिकिटावरून हुज्जत घालणारा.
त्याच्या तोंडी लागू नये.
दुसऱ्या थांब्यानंतर झोपतो आपोआप.

विल्मार माझ्याच गाडीचा ड्रायव्हर, बावीस वर्षं.
आता कंडक्टर नाहीत; चाकही त्याचं, गल्लाही त्याचाच.
मला ओलांडताना रोज दोन हॉर्न.
जुलैत, दक्षिणेचा वारा दात विचकत आला त्या सकाळी,
त्यानं थांबा नसताना गाडी थांबवली.
दार उघडलं. आतली ऊब बाहेर आली,
डिझेल आणि भिजलेल्या लोकरीच्या वासाची,
एकतीस वर्षांची माझी ऊब.
"चढ. तुला कोण तिकीट विचारतंय?"
प्रवासी काचा पुसून बघत होते.
माझा एक पाय पायरीवर होता.
खोटं कशाला बोलू, होता.
मग त्याच पायानं मला खाली उतरवलं
आणि मी ओरडले, "चला, पुढे चला!"
तोच आवाज. हातही वर गेला,
नसलेल्या घंटीची दोरी ओढत.
गाडी गेली. मला इतकं हसू फुटलं
की पुढचा थांबा चालतच गाठावा लागला.

ऑगस्टअखेर तो निवृत्त झाला.
एका मंगळवारी दीपगृहापाशी उभा,
कंपनीची करडी पँट, कॅनव्हासचे बूट.
"येतो जरा. तुझ्यासोबत."
दर वीस पावलांना त्याची मान डावीकडे वर जायची,
जिथं आरसा नव्हता.
पोसितोसच्या वळणावर चेहरा बिटासारखा झाला.
"अजून किती?"
पाच उरले होते.
"दोन थांबे," मी म्हटलं,
रडक्या पोरांच्या आयांना हजारदा सांगितलेलं,
आणि त्यानं,
बावीस वर्षं आरशातून मला हे सांगताना पाहिलेल्यानं,
विश्वास ठेवला.

समुद्र उजव्या हाताला होता.
येताना डाव्या.