वजनावर की वयावर

टिंबर मार्केटात, करवतीच्या आवाजावरून
ओरडून विचारलं होतं गुलाबभाई पिंजारींनी :
चकती वजनावर देऊ, की वयावर?
हसले. वजनावरच घेतली. साडेअकरा किलो.

पाषाणला आणून घासते आहे आठवडाभर.
साठ नंबर, एकशेवीस, चारशे,
शेवटी नुसता तळहात.
सागाचा भुसा नाकात, डब्यातल्या पोळीत.

साल काढली, आत सालंच सालं.
भिंगाखाली रुंद वलय : पाऊस मनासारखा.
मग केसाएवढी रेघ. पुन्हा केसाएवढी.
तिसरी मी दोनदा मोजते.

आणि एका जागी मोजणी अडते.
त्याच डोंगरावरच्या चार झाडांत जे वर्ष आहे
ते याच्यात नाही.
सुई मागे नेते, पुढे नेते. नाहीच.

वहीत अशा वर्षापुढे शून्य मांडायचं,
रकाना रिकामा सोडायचा नाही.
रिकामा म्हणजे आम्ही बघितलं नाही.
शून्य म्हणजे झाड होतं, उभं होतं,
वाढलं नाही इतकंच.

खाली फाटकाशी टँकर मागे घेतोय कुणीतरी,
येऊ दे, येऊ दे, बास.
मी पेन्सिलीला टोक करते.