सुटे पैसे

उशीवर ठेवायचं कार्ड मीच लिहिते.
जाड, दुधट कागद, कोपऱ्यात दोऱ्याचं रीळ,
कारण हे हॉटेल पूर्वी सुताची गिरणी होतं
आणि पाहुण्यांना ते ऐकायला आवडतं.

तिबिलिसीत चालायचं तर सपाट तळाचे बूट घाला.
गंधकाच्या हमामात अंगठी काढून जा, चांदी काळी पडते.
टॅक्सीवाल्याने आपल्या काकाच्या वाईनचा विषय काढला
तर पोचायला उशीर होणार, हे धरून चाला.
पाव भट्टीतून निघताना घ्या,
वाटेत त्याचं टोक खाल्लंत तर कुणी हसणार नाही.

सुटे पैसे जवळ ठेवा, असंही लिहिलं होतं.
नुगझारने खोडलं. मॅनेजर आहे तो.
म्हणाला, लामारा, आपल्याकडे येतात ते कार्डाने देतात.

हॉटेलची लिफ्ट काचेची.
तिला अंजिराच्या पानाचा वास येतो, फुकट चढते, फुकट उतरते.
माझ्या इमारतीतली नाणं खाते.
वीस तेत्री टाकले की कण्हते,
जरा विचार केल्यासारखी थांबते, मग निघते.
अकराव्या मजल्यावर जुम्बेर राहतो.
पेन्शन औषधांत जाते.
तो खाली उतरल्याला चार वर्षं झाली.

गुरुवारी आम्ही पाचजणी शाळेच्या स्वयंपाकघरात
लाल घेवड्याचा लोबिओ करतो,
अक्रोड कुटून, कोथिंबीर हात आखडता न घेता.
मग वीस-बावीस दारं.
याला स्वयंसेवा म्हणतात
हे मला त्या पाहुण्याने सांगितलं.

योरिट, रोटरडॅमचा, खोली तीनशे चार.
इथल्या लोकांसाठी काहीतरी करायचंय, म्हणाला,
शक्यतो गुरुवारी,
शुक्रवारी विमान आहे.
मी हसू दाबलं. वार तर आमचाही तोच.

कांदे त्याने फार जाड सोलले.
दोदो त्या सालांवरून जे बोलली
ते मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी लिफ्टपाशी त्याने सगळे खिसे चाचपले.
तीन कार्डं निघाली.
खोलीची किल्ली निघाली, तीही कार्डच.
माझ्याकडे नाणं एकच,
आणि एका खेपेत मावते दोदो आणि तिचं पातेलं.
आम्ही दोघं जिन्याने.
सातव्या मजल्यावर तो कठड्याला धरून उभा राहिला,
कुणाच्या तरी दाराशी वाळत घातलेले मोजे
एखादं जुनं चित्र पाहावं तसे पाहत.

जुम्बेरने दार उघडलं. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.
वाडगा पुढे करण्याआधी विचारलं,
पाहुणा उतरलाय कुठे?

सांगितलं.

एकतीस वर्षं त्याने तिथे चात्या फिरत्या ठेवल्या होत्या,
तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीशी.
माझ्या मशीनच्या जागी आता काय आहे, विचार त्याला.
योरिटने डोळे मिटले, बोटाने हवेत भिंती काढल्या,
खिडकी काढली, पलंग काढला,
आणि आवाज खाली आणून म्हणाला, आंघोळीचा टब.

कपाट म्हणावं का, मला वाटलं.
निदान टेबल.
जिभेवर आलंही होतं.
टब, मी म्हटलं.

जुम्बेर बराच वेळ चमचा पुसत राहिला, तो पुसलेलाच होता.
मग म्हणाला,
त्या भिंतीतून वारा येतो.
आम्ही फटीत चिंध्या कोंबायचो.
ओल्या अंगाने बसू नको म्हणावं पोराला,
आणि पुढल्या खेपेला नदीकडची खोली माग.

उतरताना योरिट गप्प.
चौथ्या मजल्यावर एकदम म्हणाला,
नदीकडच्या बाजूला कोण काम करायचं?
मला माहीत नव्हतं.
एवढी वर्षं त्या खोल्यांच्या किल्ल्या देते मी.

नव्या कार्डात वाऱ्याची एक ओळ घातली आहे,
तिच्याखाली सुट्या पैशांची.
नुगझारने अजून वाचलेलं नाही.
आज बुधवार.
विचारायचं ते हातावर लिहून ठेवलंय,
आणि कोटाच्या खिशात वीस तेत्रीची सहा नाणी.